वर ट्रंक कॉल लागलाय

बस डेपोत ड्यूटी चार्ट लावणाऱ्या क्लार्ककडे किस्से आपोआप साचतात. टेबलाच्या खणात रबरबँड साचतात तसेच! आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका सरकारी डेपोत ऐंशी आणि नव्वदच्या दशकात मी हेच काम केलं. कोणता ड्रायव्हर, कोणता कंडक्टर, कोणती गाडी, हे रोज संध्याकाळी कागदावर लिहून भिंतीवर चिकटवायचं. काम सोपं, पण माणसं थकवणारी. प्रत्येकाचा देव वेगळा, आणि प्रत्येक देवाला सुट्टी हवी.

आमच्यात एक रिवाज पडला होता. ईदला हिंदू ड्रायव्हर गाड्या ओढायचे, दिवाळीला मुसलमान, आणि नाताळला हे दोघंही. कुणी ऑर्डर काढली नव्हती. फक्त माझ्या खुर्चीला बदली माणूस नव्हता. त्यामुळे सगळ्यांचे सण मी लावून दिले आणि माझं लक्ष्मीपूजन दरवर्षी डेपोतच गेलं. घर बेल्याला, तासाभराच्या वाटेवर. बायको म्हणायची, "तुमी चार्टातच लक्ष्मी मांडा एकदाची!" एक तरी पूजा घरी व्हावी, एवढीच इच्छा होती.

* * *

सगळ्यात जास्त छळलं चंद्रानं. चार्ट लागायचा सहाला, ईदचा चंद्र दिसायचा त्यानंतर! ड्रायव्हर रहीमभाई समोर उभे. "बाबू, चाँद दिखा तो छुट्टी, नहीं दिखा तो ड्यूटी. लिख डालो."

कसं लिहू? पेन्सिलीनं लिहिलं आणि खोडरबर घेऊन अंगणात आलो. आभाळात ढग. आमचा मेकॅनिक नरसय्या उत्साहानं गाडीच्या टपावर चढला आणि ओरडला, "दिखा! दिखा!" झालं! सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, मी ड्यूटी खोडली. मग ढग सरला आणि कळलं, तो जिनिंग मिलचा दिवा होता!

नरसय्या ओशाळून खाली उतरला. रहीमभाईंनी त्याला पुन्हा मिठी मारली. "कुछ नहीं रे. ये एडवांस में समझ!"

मी पुन्हा ड्यूटी लिहिली.

* * *

हाच नरसय्या दर हिवाळ्यात शबरीमलैच्या अय्यप्पाच्या व्रताची माळ घालायचा. काळे कपडे, अनवाणी पाय, आणि माळ असेपर्यंत सगळ्यांनी त्याला 'स्वामी' म्हणायचं. गॅरेजमध्ये ऑइलच्या थारोळ्यात अनवाणी फिरणारा मेकॅनिक पाहून मॅनेजरसाहेबांचं डोकं फिरलं. पण साहेब स्वतः भाविक. माळेतल्या माणसाला अरे-तुरे कसं करणार?

"स्वामी, तुम्हाला बूट घालायला काय होतं, स्वामी? काल ब्रेकचं काम अर्धवट सोडून तुम्ही भजनाला गेलात, स्वामी!"

नरसय्यानं हात जोडले. "स्वामिये शरणम्."

साहेबांचेही हात आपोआप जोडले गेले. मग दात-ओठ खात म्हणाले, "माळ उतरली की केबिनमध्ये या. सगळं साठवून ठेवतोय!"

* * *

येसुदास कंडक्टर. तेलुगू ख्रिश्चन, बोलणं कमी. पहिल्या गाडीची घंटी मारण्याआधी तो डोळे मिटून प्रार्थना करायचा. घाईची प्रार्थना त्याला जमत नसे. तोवर रहीमभाई स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसायचे.

एकदा बेल्याच्या गाडीत आमच्या गावची तानीबाई होती. तोंडानं फटकळ. "काऊन थांबली गाडी? काय करून राह्यला तो?"

रहीमभाई म्हणाले, "ऊपर ट्रंक कॉल लगा है, अम्मा. लाइन मिले तक ठैरो."

म्हातारी सीटवरून पुढं वाकून म्हणाली, "मंग माह्या पोराचंबी सांगा म्हना. सासरवाडीत जाऊन बसला, परत धाडा म्हना त्याले!"

येसुदासनं डोळे उघडले, तिच्या मुलाचं नाव विचारलं आणि पुन्हा मिटले. गाडी आणखी लेट!

* * *

दसऱ्याला डेपोत गाड्यांची पूजा व्हायची. चाकाखाली लिंबू, बंपरवर हळदकुंकू, नारळ. येसुदास प्रसाद घेत नसे. त्याच्या धर्मात चालत नाही. काहीजण चिडायचे. "घासभर खोबऱ्यानं काय बिघडतं?" दरवर्षी तोच वाद, मला ऐकून कंटाळा आलेला.

तोड काढली नरसय्यानं. पूजेआधीच एक नारळ बाजूला काढून ठेवायचा. तो येसुदासचा नारळ! वाद मिटला.

एका दसऱ्याला पूजेचा नारळ फोडला तर आतून नासका. दुसरा, तोही तसाच. येसुदासचा मात्र गोड निघाला. सगळे त्याच्याभोवती जमले. येसुदास म्हणाला, "देता मैं. लेकिन प्रार्थना के बाद."

त्याची प्रार्थना कशी असते ते सांगितलंच आहे. खोबरं वाळलं, पण कुणी जागचं हललं नाही!

* * *

एका हिवाळ्यात देशात दंगे पेटले. आमच्या गाड्या डेपोत उभ्या. इथं कुणी कुणाला बोट लावलं नाही, पण बोलणं बंद झालं. रहीमभाई जेवायला टेबलावर आलेच नाहीत. आपल्या रिकाम्या गाडीत बसून डबा उघडला. मला फार वाईट वाटलं, पण उठून जायला पाय उचलेना.

नरसय्या माळेत होता. माळेतल्या माणसानं दुसऱ्याच्या हातचं खायचं नसतं. तो स्वतःचा डबा घेऊन निघाला आणि रहीमभाईंच्या गाडीच्या पायरीवर जाऊन बसला. दोघं आपापलं जेवले.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "स्वामी, अंदर बैठो. बाहर ठंडी है."

* * *

पुढच्या दिवाळीला मॅनेजरसाहेब स्वतः म्हणाले, "जा, आज तुमच्या खुर्चीत मी बसतो." खरं वाटेना! संध्याकाळची बेल्याची गाडी. स्टिअरिंगवर रहीमभाई, घंटीवर येसुदास. आत सगळे सणाला निघालेले, पिशव्यांत झेंडू, लाह्या, बत्तासे. तानीबाईसुद्धा होती.

गावाच्या दोन कोस अलीकडे गाडी घरघरली आणि थांबली. डिझेलच्या पाइपात हवा धरली होती. रहीमभाई बॉनेट उघडून झटत राहिले. धक्का मारावा तर समोर चढ. दिवस बुडाला. दूर गावात फटाके वाजायला लागले आणि मी समजलो, यंदाचीही पूजा गेली.

तानीबाई उठली. "मुहूर्त जाऊन राह्यला. इथंच करू!" दिवा निघाला, फुलं निघाली. पण लक्ष्मी कुठाय? सगळ्यांच्या नजरा येसुदासच्या खांद्यावरच्या पैशांच्या चामडी बॅगेवर गेल्या.

मी म्हणालो, "राहू द्या. त्याला चालणार नाही."

येसुदासनं बॅगेकडे पाहिलं. "मेरे को नहीं चलता, बाबू. लेकिन बॅग मेरा नहीं है. सरकार का है."

पण ड्यूटीवर बॅग अंगावेगळी करायची नाही, हाही नियम. मग त्यानं ती खिडकीजवळच्या सीटवर ठेवली, पट्टा खिडकीतून बाहेर सोडला, खाली उतरला, पट्टा मुठीत घट्ट धरला आणि आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभा राहिला. आत रहीमभाईंनी टॉर्च धरला. मी बॅगेला कुंकू लावलं, फूल वाहिलं. आरतीचा आवाज जरा हळूच ठेवला.

पूजा आटोपली. येसुदास आत आला, बॅग तशीच कुंकवासकट खांद्याला लावली. रहीमभाईंनी विचारलं, "क्या बोला ऊपर?"

"बाबू को घर पहुँचाओ, बोला."

रहीमभाईंनी सेल्फ मारला. गाडी घरघरली आणि बंद पडली.

मागून तानीबाईचा आवाज आला, "लाइन लागली नसन. माह्या पोराच्या वक्ती लागली होती, आला ना तो परत! पुन्हा लावा म्हना त्याईले."

येसुदासनं डोळे मिटले. रहीमभाईंनी चावीवरचा हात काढून घेतला, आणि अख्खी गाडी गप्प बसून राहिली.