दोन नंबरची वही

"मी बसायला नाय आले."

आमच्या खोलीत पाऊल टाकलं की बाईंचं हे पहिलं वाक्य. खुर्ची पुढे करणारा माझा हात तिथंच थांबायचा. मग बाई खिडकीपासून लोखंडी कपाटापर्यंत आणि कपाटापासून परत खिडकीपर्यंत फिरायला लागायच्या. जाता जाता टेबलावर बोटाचं पेर आपटायचं, तिरका खोका सरळ करायचा, घड्याळाकडे बघून नाक मुरडायचं. ऐकणाऱ्याची मान झोपाळ्याकडे बघत बसल्यासारखी हलत राहायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्यासमोर आपणही उगाच उठून उभे राहतो. मी तर पहिल्या दिवसापासून उभाच होतो.

खोली म्हणजे एका विद्यापीठाच्या अभिलेखागाराची पालघरमधली खोली. ग्रामीण कवींचे कागद आणि शिक्षकांच्या ट्रेनिंगचे जुने कागद गोळा करायचे, पुसायचे, नंबर घालायचे आणि मुंबईला पाठवायचे. या कामावर कंत्राटी माणूस एक, तो मी. डी.एड. होऊनही शिक्षक न झालेल्या फार मोठ्या जमातीतला. राहायला बोईसरला, आजूबाजूला सगळे कारखान्यातले. नव्या शेजाऱ्यानं विचारलं, "कौन सी कंपनी?" म्हटलं, "पुराने कागज संभालता हूँ." तो म्हणाला, "अच्छा, रद्दी." मी मान डोलावली. तारापूरला एका दिवंगत कवीच्या सुनेनंही मला तेच समजून आतून तराजू आणला होता.

बाई माहीमच्या, म्हणजे मुंबईतल्या नव्हे, आमच्या पालघरजवळच्या माहीमच्या. घरात सगळे होडीवर जाणारे आणि जाळी विणणारे, ट्रेनिंगला गेलेल्या या एकट्या. रिटायर होऊनही युग लोटलं होतं, पण गावात 'बाई' म्हटलं की याच. पहिल्यांदा आल्या तेव्हा कापडी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. सुक्या बोंबलांचं एक पुडकं आणि एक वही.

"हे तुला, हे विद्यापीठाला. उलटं करू नको."

बोंबील कपाटात ठेवले. पुढच्या आठवड्यात मुंबईच्या मॅडम तपासणीला आल्या आणि दारातच थबकल्या. "वास कसला?" मी म्हटलं, "मॅडम, किनारपट्टीचा संग्रह आहे." त्यांनी ते टिपून घेतलं.

आता वहीकडे येतो, म्हणजे माझ्या पराक्रमाकडे.

वहीत पाठाची टाचणं होती. ट्रेनिंगमध्ये वर्गावर जाण्याआधी ती लिहावी लागतात. घटक कोणता, उद्दिष्ट काय, फळ्यावर काय लिहिणार. पाठ झाला की मागच्या बाकावर बसलेले मार्गदर्शक सर खाली लाल शाईत शेरा देतात. अशी एकवीस टाचणं. आणि प्रत्येक टाचणानंतर एक लहान, वेगळ्या जातीचा कागद. त्यावर निळ्या शाईत कविता. ना शीर्षक, ना तारीख. हे सगळं जाळ्याच्या जाड हिरव्या नायलॉन दोऱ्यानं एकत्र शिवलेलं.

मी निष्कर्ष काढला की दोन वेगळी हस्तलिखितं कुणीतरी अडाणीपणानं एकत्र शिवली आहेत. शिवाय आमच्या नियमपुस्तिकेत नायलॉनला सक्त मनाई. कात्री घेतली, दोरा कापला, केराच्या डब्यात टाकला. टाचणं 'अध्यापक प्रशिक्षण' खोक्यात, त्यांना एक नंबर. कविता 'ग्रामीण कवी' खोक्यात, त्यांना दुसरा. कवितांना क्रम नव्हता, तो मी दिला. पहिल्या ओळीप्रमाणे अकारविल्हे. सूचीसाठी टाइप करताना भाषाही जरा नीटनेटकी केली. एक नमुना बघा:

खिडकीत समुद्र, फळ्यावर समुद्र,
बाई, यातला खरा कुठला आहे?
माझे वडील गेले त्यात,
नकाशावर दिसत नाहीत.

विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'निसर्ग'. इतकं समाधान वाटलं की खाली जाऊन कटिंग चहा दोनदा घेतला.

मंगळवारी बाई आल्या. "मी बसायला नाय आले. वही बघू."

मी जादूगारासारखे दोन्ही खोके टेबलावर मांडले आणि झाकणं उघडली. चालणाऱ्या बाई थांबल्या. त्यांना थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"दोरा कुठं हाय?"

"टाकला, बाई. नायलॉन होता. कागदाला वाईट."

"आणि वही?"

"वर्गीकरण केलं. हे प्रशिक्षण, हे काव्य."

बाईंकडे दोन भाषा होत्या. थंड असल्या की ट्रेनिंगची, तापल्या की माहीमची. या वेळी दोन्ही एकदम आल्या. "अरे, त्या शेऱ्यांना ही उत्तरं आहेत. सरांनी लाल शाईत लिवलं, ते गपगुमान ऐकलं, घरी येऊन उत्तर लिवलं. एका शेऱ्याला एक. तू प्रश्न एकीकडं टाकले, उत्तरं दुसरीकडं. डी.एड. कुणी केलं तुला?"

मी घाईघाईनं तोड काढली. दोन्हीकडे चिठ्ठी लावतो, 'तिकडेही पाहावे' अशी.

"आई एका घरात, पोर दुसऱ्या घरात, आणि तू चिठ्ठी लावतो," बाई म्हणाल्या आणि पुन्हा चालायला लागल्या.

मी त्यांना एकच गोष्ट सांगितली नाही. कविता अकारविल्हे लावल्यामुळे कुठली कुठल्या शेऱ्याची, हे आता जगात फक्त बाईंना माहीत होतं. अर्थात त्यांनी ते पहिल्याच नजरेत ओळखलं होतं.

मुंबईला फोन केला. मॅडम म्हणाल्या, नंबर पडला की पडला, दोन संग्रह एकत्र करायचे तर समिती बसावी लागेल. मी अर्ज पाठवला. त्यावर स्मरणपत्र पाठवलं. स्मरणपत्राचंही एक स्मरणपत्र पाठवलं.

बाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. "बसली का समिती?"

"नाही अजून."

"मग मी कशी बसू?"

आणि खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. एकदा मी धीर करून विचारलंच, गुडघे दुखत असताना असं का उभं राहायचं. त्यांनी एक खोका सरळ केला आणि म्हणाल्या, "सवय."

मग एका मंगळवारी बाई आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत. सोमवारी मुंबईची गाडी सगळे खोके न्यायला येणार होती. घरी फोन लावला तर सून म्हणाली, "आईंना आता उठवत नाय."

शनिवारी मी दोन्ही खोक्यांतले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि माहीमची शेअर रिक्षा पकडली. अभिलेख खोलीबाहेर नेणं हा नियमपुस्तिकेतला सगळ्यात मोठा गुन्हा. वाटेत एका मावशीनं आपली ओली पाटी नेमकी माझ्या पिशवीवर टेकवली. मी ओरडलो, "मावशी, अभिलेख आहेत!" ती म्हणाली, "नाय रे बाबा, कोलंबी हाय," आणि खात्री पटावी म्हणून वरचं फडकंही उचलून दाखवलं. एकवीस टाचणं कोरडी राहिली. पिशवीला मात्र पुढे महिनाभर किनारपट्टीचा वास होता.

बाई खाटेवर होत्या. पाठीला दोन उशा. पांघरुणाखाली पाय हलत होते.

"बस," म्हणाल्या. "आज मी आडवी हाय, तू तरी बस."

मी जमिनीवर बसलो. मी टाचणावरचा लाल शेरा वाचायचा, बाईंनी डोळे मिटून कवितेची पहिली ओळ सांगायची, मी ती शोधून त्याच्यामागे ठेवायची. माझी अकारविल्हे आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडली.

"'हालचाल फार. वर्गात एका जागी स्थिर उभे राहावे.'"

"पायाखाली वाळू हाय," बाई म्हणाल्या. 'प'मध्ये सापडली.

"'फळ्यावरील अक्षर उत्तम. उच्चारात गाव डोकावते.'"

"डोकावलं तर दार उघडा."

'ड'मध्ये. असं करत वीस झाली. शेवटचं टाचण उरलं. घटक, आपला समुद्रकिनारा. उद्दिष्ट, विद्यार्थ्यांना समुद्राचा परिचय करून देणे. खाली शेरा, 'एका मुलीच्या अवांतर प्रश्नामुळे पाठ भरकटला. बोलीतील उत्तरे स्वीकारू नयेत.'

या वेळी बाई ओळ बोलल्या नाहीत. पाय हलायचे थांबले. तसंही माझ्या हातात एकच कविता उरली होती, माझी 'निसर्ग'.

"कोण होती ती?" मी विचारलं.

"पुढच्या बाकावरची. बापसाची होडी परत आली नव्हती. मी निळ्या खडूनं समुद्र काढत होते. चांगला काढला होता. तर ती उठून उभी राहिली आणि विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सर मागं बसले होते ना," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, खाली बस."

बाहेर सून वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकत होती. 

"वाच," बाई म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. खिडकीत समुद्र, फळ्यावर समुद्र, बाई, यातला खरा कुठला आहे... कागदावर एक लिहिलेलं आणि तोंडात माझं टाइप केलेलं. बाईंनी खाटेच्या कडेवर पेर आपटलं.

"हाय."

मी परत पहिल्यापासून वाचलं.

खिडकीत समुद्र, फळ्यावर समुद्र,
बाय, यातला खरा कुठला हाय?
माजा बापूस गेला त्यात,
नकाशावर दिसत नाय.

मग सुनेनं जाळ्याचा हिरवा दोरा आणि सुई आणून दिली. बाईंना सुई धरवत नव्हती, म्हणून मीच शिवलं, त्यांनी नुसतं बघितलं. संपल्यावर वही हातात घेऊन त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. "यातून बोंबील पण सुटतील," म्हणाल्या. पण उसवायला सांगितलं नाही.

सोमवारी वही गाडीत गेली. मुखपृष्ठावर मी दोन्ही नंबर घातले. प्रशिक्षणाचा मागा नाहीतर कवितेचा, हातात वही तीच पडणार. काही महिन्यांनी मॅडमचा फोन आला. एका वहीला दोन नंबर कसे?

"चूक झाली, मॅडम."

"तुमच्याकडून दुसरं काय होणार."

"दुरुस्त करू?"

"थांबा. समितीपुढे ठेवते."

म्हणजे वहीला आता धोका नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडून एक फॉर्म आला. वहीच्या दात्याची माहिती अद्ययावत करायची होती. एक रकाना होता, 'दाता हयात आहे / नाही'. बाई त्याआधीच गेल्या होत्या. मी दोन्ही पर्याय खोडले आणि शेजारी लिहिलं, 'नाय'.

आज फॉर्म परत आला आहे. 'नाय'भोवती लाल गोल, आणि समासात शेरा, 'शुद्धलेखन पाहावे.'

शेऱ्याला उत्तर लिहायचं आहे. म्हणून सकाळपासून फिरतो आहे. खिडकीपासून कपाटापर्यंत चौदा पावलं होतात. इतकी वर्षं या खोलीत काढली, पण कधी मोजली नव्हती.