विचारूबाई

आधी माझा पराक्रम सांगते. समोरच्या बैठ्या घराला दुपारी बाहेरून कुलूप आणि खिडकीत सात-आठ वर्षांची सोनी, एवढं पाहून मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. "पोरीला कोंडून ठेवलंय हो!" तेव्हा मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते; वाशीतली निम्मी मुलं माझ्यावाचून वाया जाणार, अशी माझी खात्री होती. सोनीला बालगृहात नेलं आणि मी सोसायटीभर मिरवले. संध्याकाळी तिची आई मार्केटातली कांदा निवडायची मजुरी आटपून परतली, ती माझ्याच दारात. "काकू, माझी पोर कुठं नेली ओ?"

या भानगडीत मला विचारूबाई भेटली. बालसंरक्षण कक्षातली अधिकारी, साताऱ्याकडची. नाव मीच ठेवलं, कारण कुणी काहीही म्हणो, तिचं उत्तर एकच, "विचारू की पोरीलाच."

तिच्या पर्समध्ये कायम भुईमुगाच्या शेंगा. मुलासमोर जमिनीवर बसायची, शेंगा ओतायची आणि फोडू लागायची. "हात गुंतले की पोरं आपोआप बोलायला लागतात," म्हणायची. साहेब आले तरी उठायची नाही. त्यांनाही मूठभर द्यायची.

चार दिवसांनी बालकल्याण समितीपुढे मी इस्त्रीची साडी नेसून, भाषण पाठ करून गेले. "बालगृहात वेळेवर जेवण आहे, अभ्यास आहे. मुलीचं भलं तिथंच आहे." एक सदस्य मान डोलावू लागले. कोपऱ्यात सोनीची आई तोंडाला पदर लावून उभी. पोर परत मिळणार की नाही, ते आता ठरणार होतं.

"विचारू की सोनीलाच," म्हणत विचारूबाई खाली बसली. शेंगा फुटू लागल्या.

"कुलूप कोण लावतं गं?"

"आई. मग किल्ली खिडकीतून मलाच देते."

"तुला? ती का?"

"कुलूप दिसलं की कुणी आत येत नाय. आणि मला भीती वाटली, तर किल्ली समोरच्या काकूंना द्यायची. त्या उघडतील, आई बोलली."

समोरच्या काकू इस्त्रीच्या साडीत बसल्या होत्या. कुठं बघावं, त्यांना कळेना.

"गरिबी आहे म्हणून पोर आईपासून तोडता येत नाही," विचारूबाई समितीला म्हणाली. "मुलांच्या नव्या कायद्यात बालगृह हा सगळ्यात शेवटचा उपाय. शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत पोर कुणाकडं बसेल, एवढाच प्रश्न आहे." भाषण विसरून मी पहिलीतल्या मुलीसारखा हात वर केला.

सोनी त्याच संध्याकाळी घरी आली. पुढे विचारूबाई अधूनमधून पाहणीला यायची. "काकू खायला देतात, की नुसते पाढे म्हणायला लावतात?" हे माझ्यादेखत विचारायची, आणि ती कार्टी चक्क खरं सांगायची!

मग तिची बदली झाली. निरोप घेताना मी म्हटलं, "बाई, मी कानाला खडा लावलाय. कुणाच्या घराबद्दल पुन्हा फोन करणार नाही."

तिचं हसू मावळलं. "असं नका करू, काकू. तुमच्या फोनानं सोनी चार दिवस रडली. पण कुणीच फोन केला नाही म्हणून हातातून गेलेली पोरं मी बघितलीत. फोन कराच. फक्त एरवी शेजारणीशी जरा बोलत जा की!"