दुधाची मिटकी

कॅनचं झाकण उघडून दूध सोसायटीतला मापाडी तळहातावर थेंबभर दूध घ्यायचा, चाटायचा आणि मिटकी मारायचा. "वा! लई झ्याक!" मग माप. तपासायचं यंत्र होतं, पण यंत्र कधी कुणाला वा म्हणालंय? दुष्काळात बाया कोसभर चालून लिटरभर दूध आणायच्या, त्या मिटकीपाशी थांबायच्या. मी त्याच सोसायटीत कॅन धुवायची, म्हणून रोज बघायची.

तो दारू प्यायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, त्यात नवल नाही. बायको पोरीला घेऊन नेकनूरला माहेरी गेली. "सहा महिने दारूला शिवला न्हाई तर येते," एवढंच बोलली.

दुसरं कोणी नव्हतं, म्हणून अंबाजोगाईला डॉक्टरकडे मीच त्याच्यासोबत गेले. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आपला मेंदू स्वतःच अफूसारखा रस तयार करतो. चांगलं काही खाल्लं की तो सुटतो, म्हणून मजा येते. दारूनं तो फार सुटतो. ही गोळी त्याची जागा अडवते." मी चौथी शिकलेली, पण एवढं समजलं.

दारू सुटली. मिटकीही सुटली. चाटायचा आणि मुकाट्यानं माप घ्यायचा. एका म्हातारीनं कॅन आपटला. "कावून रं, पानी घातलंय का म्या?" दुसऱ्या दिवसापासून तिनं दूध बंद केलं.

मी त्याला विचारलं.

"मावशी, गोड हाय ते कळतंय. पन गोड लागत न्हाई. बंदच करतो गोळी."

"कर. पोरगी ऱ्हाईल मग मामाच्यात."

त्यानं गोळी परत खिशात ठेवली. डॉक्टर म्हणाले होते, असं सगळ्यांना होत नाही, आपल्या मनानं गोळी सोडू नका.

"मग ह्या बायांचं काय करू?"

"खोटी मिटकी मार. उन्हातनं येत्यात त्या."

मारू लागला. म्हातारी परत आली.

सहा महिन्यांनी बायकोही आली. पोरीनं आपल्या बशीतला चहा त्याच्यापुढे धरला. त्यानं घोट घेतला आणि मिटकी मारली.

मी हळूच विचारलं, "खरी का खोटी रं?"

"ठाव न्हाई मावशी. आपसूक निघाली."

पुन्हा तो कधी प्याला नाही. गेल्या उन्हाळ्यात तापानं गेला.

आता यंत्रावर आकडा येतो. बाया आकडा बघतात आणि तरी कॅनपाशी जरा उभ्याच राहतात.

मी म्हणते, "व्हा बाजूला, कॅन धुवायचाय."