काकांचा कल्लेवाला मंत्री

आमच्या शेजारच्या काकांइतका भित्रा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. ऐंशीच्या दशकात कल्याणला आमची दारं समोरासमोर होती. जिन्यात पोस्टमन दिसला तरी यांना घाम फुटायचा आणि ‘सरकार’ हा शब्द ते स्वतःच्या घरातसुद्धा दबक्या आवाजात उच्चारत. असा हा माणूस सरकारी कचेरीत कारकून, आणि वेड कसलं, तर विलायतेतल्या राणीच्या काळच्या राजकीय व्यंगचित्रांचं. रद्दीवाल्याकडून आणलेला एक जाडजूड ग्रंथ त्यांच्याकडे होता. कुणी मंत्री नवी सुधारणा सुचवतोय आणि चित्रकार भर पानावर त्याची फजिती करतोय, असा सगळा मामला. काका आधी खिडकी लावून घेत, मग पान उघडत आणि तोंडावर हात ठेवून हसत. “अहो काका, ही माणसं जाऊन शंभर वर्षं झाली,” मी म्हणे. “माणसं गेली हो. सरकार आहेच ना,” ते म्हणत.

दरवर्षी सत्यनारायणाच्या पूजेला त्यांच्या कचेरीत भित्तिपत्रक लागायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना लोकांच्या आग्रहाला बळी पडून काकांनी त्यासाठी ग्रंथातलं एक चित्र उतरवून दिलं: दाट कल्ल्यांचा मंत्री डॉक्टर होऊन एका धडधाकट माणसाला सुधारणेचं बादलीभर औषध पाजतोय. नसती भानगड नको म्हणून त्यांनी मंत्र्याचं नाव गाळलं, सालही गाळलं. तिथंच घात झाला. नव्या साहेबांचे कल्ले थेट तसेच होते, आणि फायली ठेवायची नवी पद्धत त्यांनी त्याच आठवड्यात जाहीर केली होती.

साहेब चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी ते भिंतीवरून काढलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

संध्याकाळी काका चादरीत गुंडाळलेला ग्रंथ घेऊन माझ्या दारात. “हा तुमच्याकडेच राहू दे. झडतीबिडती झाली तर? पेन्शन तर गेलंच समजा.” मी काही म्हणायच्या आत त्यांनी तो माझ्या कपाटाखाली सरकवला. पुढची दोन वर्षं ते रोज मेमोची वाट बघत कचेरीत गेले. मेमो काही आला नाही, काका मात्र वाळून निम्मे झाले.

निरोपसमारंभात हार घालताना साहेब त्यांच्या कानाशी म्हणाले, “पुढच्या दोन्ही पूजांना तुमच्या चित्राची वाट बघितली मी. पुन्हा का नाही काढून दिलंत?”

हे मला सांगताना काका हसतील असं वाटलं होतं. ते “दोन वर्षं हो,” एवढंच म्हणाले.

ग्रंथ त्यांनी परत नेलाच नाही. आता काका नाहीत. कधी फार आठवण आली की मी तो काढतो, आणि उघडण्याआधी उठून खिडकी लावून घेतो.