बाळंतिणीच्या खोलीला लागलेली सील

शालिनीताईंच्या बोलण्यात ओलाव्याला दोन शब्द होते. फरशी पुसल्यावर राहते ती ओल; भिंतीत शिरून बसते ती सील. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हा दुसरा शब्द हिंदीतून आला होता, पण तो बाहेरचा आहे हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. माधवगंजात जन्मून माधवगंजातच सासर मिळालेल्या शालिनीताईंच्या तर नव्हतंच.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्यभारत संपून मध्यप्रदेश झाला आणि सचिवालयाचं दप्तर भोपाळला निघालं. त्याच्याबरोबर त्यांचे यजमान भालचंद्रराव गेले. तिथे क्वार्टर मिळेना, म्हणून ते इतर कारकुनांबरोबर एका खोलीत राहत होते. शेजारचे मानसिंगराव बिऱ्हाडासकट गेले, घराला कुलूप लागलं. संध्याकाळी गल्लीत जे मराठी ऐकू यायचं, ते दर महिन्याला थोडं कमी होत गेलं.

शालिनीताई थांबल्या होत्या त्या एका कारणासाठी. पुण्याला दिलेली त्यांची एकुलती मुलगी उषा गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, सातव्या महिन्यात उषाला आणायचं, असं ठरलं होतं. आतली खोली तिच्यासाठी होती. लग्नानंतर उषा एकदाच येऊन गेली होती, तीही घाईत.

सत्तावन्नच्या आषाढात त्या खोलीच्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके उमटले. शालिनीताईंनी चुना फासला. चार दिवस भिंत छान दिसली, मग ठिपके चुन्यातून वर आले. कडुलिंबाचा धूर केला. वास दुपारपुरता गेला. तान्ह्या बाळाने असल्या हवेत श्वास घ्यायचा, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

त्याच सुमारास भालचंद्ररावांचे चुलतभाऊ दिनकरराव कामासाठी पुण्याला निघाले. टांगा दारात उभा होता. शालिनीताईंनी त्यांच्याजवळ निरोप दिला, "विहीणबाईंना सांगा, खोलीला सील लागलीय. निघाली की लगेच कळवते. तोवर उषाला पाठवू नका."

"सांगतो की, वहिनी," दिनकरराव म्हणाले आणि टांग्यात बसले.

मग त्या खोलीच्या मागे लागल्या. उषाचा फ्रेम केलेला फोटो भिंतीवरून उतरवला, तर पाठीमागचा पुठ्ठा भिजलेला, आणि काच मात्र कोरडी. म्हणजे पाणी हवेतून नाही, भिंतीतून येत होतं. त्या बाहेर जाऊन बघून आल्या. मानसिंगरावांच्या गच्चीचं पाणी खाली सोडणारा परनाळा फुटला होता. त्यांच्या कुलूपबंद घरालगतची नाली पाचोळ्याने तुंबली होती, आणि सगळं पाणी या भिंतीच्या पायाशी साचत होतं. एवढी वर्षं मानसिंगरावांची बायको विजयाबाई रोज सकाळी ती नाली झाडायची. ती भोपाळला गेली, आणि तिच्या झाडूबरोबर या भिंतीचा कोरडेपणाही गेला.

शालिनीताईंनी पदर खोचून नाली उपसली. परनाळ्याखाली पत्र्याचा तुकडा बसवून पाणी दूर काढलं. आलमारी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. पोपडे धरलेला गिलावा दगडापर्यंत खरवडला आणि नवा लगेच केला नाही. भिंत आधी आतून सुकू दिली. उरलेली बुरशी तोंडाला फडकं बांधून सोड्याच्या गरम पाण्याने घासली. जुनी गादी टाकून दिली, कारण एकदा बुरशी धरलेला कापूस ती सोडत नाही. ओले कपडे खोलीत वाळत घालणं बंद केलं. उघाडीच्या दुपारी दोन्ही खिडक्या उघडायच्या, सर आली की लावायच्या. श्रावण असाच गेला. गणपतीच्या दिवसांत त्यांनी भिंतीला गाल लावून पाहिला, तर भिंत कोरडी लागली.

पुण्याला कळवायचं त्यांनी ठरवलं, त्याच आठवड्यात जावईच दारात. श्रीपादराव कचेरीच्या कामाने दिल्लीला चालले होते, वाटेत उतरले. आत यायचं सोडून ते दाराची कडी, चौकट, उंबरा निरखत उभे राहिले.

"श्रीपादराव, दाराला काय बघताय? या ना आत."

"सील कधी निघालं, आई?"

"निघाली बाई एकदाची. घासून घासून हात सोलले माझे."

"तुम्ही घासून काढलंत?" श्रीपादराव दचकले. "आणि कुणी काही म्हटलं नाही?"

"म्हणणार कोण? मेरे घर की दीवार है."

"अहो, पण सरकारी सील—"

"सरकारी कशाला? पावसाची सील. खोलीत चला, दाखवते."

खोली पाहून श्रीपादराव खुर्चीत बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. दिनकररावांनी निरोप दारातूनच, जसाच्या तसा दिला होता. जुन्या संस्थानांच्या मालमत्तांना सरकार सील ठोकतंय, असं पुण्यात सगळे बोलत होते. श्रीपादरावांच्या आई म्हणाल्या, बिचाऱ्यांचं घर गेलं, आणि सांगायलाही संकोच. "मी म्हटलं, 'सील लागली' कसं, 'सील लागलं' हवं. तर आई म्हणाली, ग्वाल्हेरच्या मराठीत तू लिंग कुठे शोधतोस?"

शालिनीताई हसल्या नाहीत. "पण उषा? तिला तर हा शब्द कळतो."

"तिला सांगितलंच नाही. अशा अवस्थेत घराची काळजी नको, म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

श्रीपादराव खाली बघत म्हणाले, "तुझ्या आईकडून सध्या बोलावणं नाही, एवढंच."

बाहेरून भाजीवाल्याची हाक आली आणि पुढे गेली. शालिनीताई उभ्याच होत्या.

"काही म्हणाली?"

"नाही. तेव्हापासून ग्वाल्हेरचं नाव काढत नाही."

"दिल्लीहून परतलात की तिला घेऊन या."

"आठवा लागलाय, आई. डॉक्टर प्रवास नको म्हणतात." मग ते म्हणाले, "तुम्हीच चला ना पुण्याला. परतताना मी इथून घेऊन जातो."

मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत होती. "आले तर उपाशी ठेवाल मला," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यावर जरा हसल्या. मग आत जाऊन त्यांनी पिठाचा डबा उघडून पाहिला.

"तांदूळ-पीठ माझं आणेन. शेगडीही आणेन," शेवटी त्या म्हणाल्या. "पण परतताना इथे थांबू नका. विहीणबाईंना चालेल का, हे आधी विचारून मला कळवा. आणि घरी पोचलात की माझं येणं-बिणं नंतर सांगा. आधी उषाला सांगा, खोलीला सील लागली होती. एवढंच सांगा, बाकी तिला कळेल."

श्रीपादरावांनी मान डोलावली.

दिल्लीच्या गाडीला वेळ होता. शालिनीताईंनी आलमारीतून दुपटी काढली. जुन्या मऊ लुगड्यांची, त्यांनीच शिवलेली. एकेक नाकाशी धरून पाहिलं. उन्हाचाच वास होता. सगळी श्रीपादरावांच्या पिशवीत भरली. एक मात्र परत काढून घेतलं आणि आतल्या खोलीत नव्या गादीवर पसरून ठेवलं.