मामाजींच्या रेघांना नंबर मिळेना

रायपुरात गेल्या चाळीस वर्षांत ज्याने म्हणून तोंड उघडलं, त्यातला एकही माणूस माझ्या मामेसासऱ्यांच्या पेन्सिलीतून सुटलेला नाही. सरकारी कचेरीत ते स्टेनो होते. निवृत्त झाले, साहेबांनी गळ्यात हार घातला, पण हात काही निवृत्त झाला नाही. बुढापारा मोहल्ल्यात त्यांच्या दारावर भाजीवाली भाव सांगते, तर हे तिचं बोलणं पिशवीवर उतरवून घेतात. आमच्या लग्नात सगळं गाव अक्षता टाकत होतं आणि हे अक्षतांच्या पुडीवर मंगलाष्टकं लिहून घेत होते. नंतर भटजींना बाजूला घेऊन म्हणाले, "महाराज, तिसऱ्यात अर्धी ओळ खाल्ली तुम्ही." माणसाची पारख त्यांच्याकडे एकाच मापाने होते: तो किती वेगाने बोलतो. मामीजी तर आताशा रागवायच्या झाल्या तरी सावकाश रागवतात. "जोरात बोलली तर यांले मजा येते," त्या म्हणतात. "म्हणतात, हव, अजून जरा स्पीड वाढव."

शॉर्टहँड म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, यातच सगळं आलं. बोलण्याच्या वेगाने लिहायच्या खुणा: जाड रेघ, बारीक रेघ, एखादं वळण. तीच रेघ ओळीच्या वर काढली की एक स्वर, खाली काढली की दुसरा. मामाजी हे मराठीतून नागपुरात शिकले आणि इथल्या हिंदी कचेरीसाठी त्यांनी ते वळवून घेतलं. त्यांच्यासारखं करणारे आणखी काही जण होते, ते बहुतेक एकेक करून गेले. अशात त्यांना कुणीतरी सांगितलं की मोबाइलमधल्या प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो, तो परदेशातली एक समिती देते, आणि नंबर नसलेली लिपी संगणकाच्या लेखी जन्मालाच आलेली नसते. झालं! मी चहाला टेकलो होतो तो उठूच देईनात. "हसऱ्या तोंडाले नंबर, रडक्या तोंडाले नंबर, वांग्याले नंबर! कोण्या फ्रेंच पादऱ्याच्या शॉर्टहँडलेही नंबर भेटला म्हणे. मग आमचंच काहून नाही?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "जवाईबापू, मी गेलो की ह्या रेघा कोणाच्या बापाले वाचता येणार नाहीत. नंबर भेटला तर राहतील."

जावई हा दहावा ग्रह म्हणतात. इथे ग्रह मलाच लागले. शंकर नगरच्या ऑफिसात मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो, एवढाच माझा गुन्हा. माझे सगळे रविवार त्या रेघा स्कॅन करण्यात आणि समितीला अर्ज लिहिण्यात गेले. समिती मोठी सभ्य. इतक्या सभ्यपणे नाही म्हणायची की मामाजींना ते हो वाटायचं. शेवटी त्यांनी स्पष्टच लिहिलं: एका माणसाच्या खाजगी खुणांना नंबर मिळत नाही, निदान दुसऱ्या कुणी तरी हीच लिपी, अशीच लिहिलेली दाखवा. मी कपाळाला हात लावला. मामाजी मात्र खूश. बिलासपूरला त्यांचे गुरुबंधू होते. दोघं एकाच मास्तरांचे चेले, दोघांनी नोकरीही इथल्याच कचेऱ्यांत काढलेली.

गुरुबंधू आले. मामीजींनी पोहे केले. दोघा म्हाताऱ्यांना मी टेबलाच्या दोन टोकांना बसवलं आणि पेपरातला अग्रलेख वाचून दाखवला. दोन्ही पेन्सिली अशा पळाल्या की मला वाचताना धाप लागली. खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, जमलं हे काम. मग त्यांनी एकमेकांचे कागद वाचायला घेतले.

"हे काय लिहिलं बे?" मामाजींनी विचारलं.

"शासन."

"हे शासन? मास्तरांनी असं शिकवलं होतं?"

"अन् तुझं तरी कुठं तसं आहे? मले तर दुसऱ्या ओळीपासून काहीच वाचता येऊन नाही राहिलं."

मला उलगडलं ते तेव्हा. साहेब भराभर बोलतो, मग स्टेनो एखादं वळण सोडतो, एखादी रेघ तोकडी करतो. त्याचं लिहिलेलं त्यालाच टाइप करायचं असतं, म्हणून कुणाचं अडत नाही. चाळीस वर्षं दोघं आपापल्या साहेबांपायी काटछाट करत गेले, आणि मास्तरांची लिपी ना याच्याकडे उरली ना त्याच्याकडे. दोघं थोडा वेळ भांडले. मग गुरुबंधूंनी निमूट पोहे संपवले आणि संध्याकाळच्या गाडीने गेले.

"आता काही पाठवू नका," मामाजी मला म्हणाले. त्यानंतर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. मामीजी रडकुंडीला आल्या होत्या. "मी मुद्दाम भांडून पाहिलं, जवाईबापू. चांगली जोरात भांडली. हात हलला नाही." मला फार वाईट वाटलं. मी बोलून गेलो, "मामाजी, मला शिकवा." म्हटलं, अर्जाला दुसरा माणूस लागतो ना, मी होतो.

त्यांनी मला आठवून आठवून मास्तरांनी शिकवलं तसंच, अगदी पहिल्या रेघेपासून शिकवलं. स्वतःची एकही खोड येऊ दिली नाही. त्या हिवाळ्यात पुन्हा रंगात आले होते. मग एका रविवारी त्यांनी सांगितलेला परिच्छेद मी उतरवला आणि ते माझा कागद वाचू लागले. छान वाचत होते. मधेच अडखळले.

"हे काय आहे?"

"ते वळण मी सोडलं," मी म्हणालो. "लवकर होतं."

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"आम्हाले तरी दहा वर्षं लागली होती," ते म्हणाले.

मी घाईघाईने वळण काढून दाखवू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या. तुमचं तुम्हाले वाचता येते ना?"

"येतं."

"मग झालं," मामाजी म्हणाले, आणि मला पुढचं वाक्य सांगू लागले, जरा हळू.