बाबा लासिसींच्या जोडीला

बाबा लासिसी आमच्या केतू गावात मोटरसायकलींचे पंक्चर काढतात. हात कायम काळे, तोंड कायम सुटलेलं. पण गेलेदे नाचाचा मुखवटा चढवून, ज्यांच्या मानासाठी हा नाच असतो त्या गावातल्या म्हाताऱ्या आयांसमोर उभे राहिले, की तीस वर्षांत त्यांचा पाय कधी चुकला नाही. ढोल थांबायचा त्याच क्षणी पायातले लोखंडी वाळे थांबायचे.

मुखवटे जोडीने नाचतात. यंदा त्यांच्या जोडीला माझा अकांबी होता, एकोणीस वर्षांचा. आधीची दोन मुलं पोटातच गेली, तेव्हा मी या आयांना शब्द दिला होता की हे जगलं तर तुमच्यासाठी नाचेल. त्या देतात, आणि नाचात पाय चुकून मान चुकला तर परतही घेतात. मी शाळेत विज्ञान शिकवते; तरी सकाळपासून त्याच्या मागेमागे फिरत होते.

"अकांबीची आई, तोंड असं का? पोराला लढाईवर पाठवतेयस?"

"बाबा, ढोल थांबला तरी त्याचा पाय पुढे जातो हो."

"बदक आहे ते! ठाऊक आहे मला. तू तुझा पट्टा दे नि गप्प बस."

ज्या कापडी पट्ट्याने त्याला तान्हेपणी पाठीशी बांधून वाढवलं, तोच त्यांनी त्याच्या छातीवर आवळला.

चौकात ढोलवाल्या सालाकोने ढोल धरला. दोन बोल दोघांनी निभावले. तिसरा लांबलचक. मी ठोके मोजत होते. ढोल थांबला, आणि अकांबीचा उजवा पाय अजून वरच होता.

खण्ण!

आवाज एकच आला. अकांबीचा पाय पडला त्याच क्षणी बाबांनीही पाय आपटला होता.

बाजारातल्या बायका सालाकोवर तुटून पडल्या. "काय रे, शेवटचा ठोका घरी विसरलास?"

"मी नाही चुकलो!" तो ओरडला.

आयांमधली सगळ्यात म्हातारी आई हसली नव्हती. ती बराच वेळ चारही पायांकडे बघत राहिली.

"सालाको बरोबर आहे," ती म्हणाली. "पाय लासिसीचा चुकला. पोर बिचारं त्याच्यामागे गेलं."

बाबा मुखवट्यासकट मातीत आडवे झाले. "चुकलो, आई. माफी असावी."

"ऊठ. पुन्हा वाजव रे, सालाको."

या वेळी दोघं ढोलाबरोबर थांबले.

दुसऱ्या दिवशी मी गरम अकारा, म्हणजे चवळीची भजी, घेऊन त्यांच्या टपरीवर गेले. "बाबा, तुम्ही काल मुद्दाम..."

"वय झालं माझं. म्हातारीने सगळ्यांसमोर सांगितलं, ऐकलं नाहीस?" त्यांनी एक भजं तोंडात टाकलं. "मीठ कमी आहे. आणि त्या बदकाला पाठव संध्याकाळी. थांबायचं कसं ते शिकवायचंय."